माकडताप आणि नोंदवही

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली. आसपासच्या गावांत तापाची साथ होती. आधी शंका आली पिवळ्या तापाची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिथं पोचली, आणि निघाला नवाच विषाणू, गोचिडींतून पसरणारा.

आता बघा, माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथंच गळतात. तीच जागा माणसाला धोक्याची. म्हणजे माकड कुठं, कधी मेलं ही नोंद नसेल, तर प्रयोगशाळेतला निकाल गावाला वाचवत नाही. आपण इतिहासात विषाणूचा शोध शिकवतो. खबर देणारा गावकरी आणि नमुन्यावर चिठ्ठी लावणारा साहाय्यक मात्र विसरतो. पुढे हा ताप सिंधुदुर्गात दोडामार्गला आला. तिथंही पहिला प्रश्न तोच: माकड मेलं कुठं?