एकट्या पाळकाचा आग्रह कशासाठी?

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे: ज्या गावी दीक्षित पाळक नाही, तिथली मंडळी पोरकी. तुमसर तालुक्यातल्या चिखल्यासारख्या मँगनीज खाणीच्या गावात आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबांनी रविवारी एकत्र बसायचे ठरवले, तरी पहिला प्रश्न येणार, ‘पाळक कोण?’ चार वडील जबाबदारी वाटून घेतील, एक पाळीवर खाणीत उतरला तर दुसरा शास्त्रपाठ घेईल, हे उत्तर तात्पुरती सोय म्हणून खपते. मंडळीचे खरे रूप म्हणून खपत नाही. माझे म्हणणे उलट आहे. नव्या करारात तात्पुरता दिसतो तो एकटा प्रमुखच.

पूर्वपक्ष हलका नाही. यरुशलेमेत याकोब होता, इफिसात तीमथ्य, क्रेतात तीत. म्हणजे जागोजागी एक प्रमुख होताच, असे दाखवले जाते. पण तीताला क्रेतात ठेवले ते नगरोनगरी वडील नेमण्यासाठी (तीत १:५), आणि त्याच पत्राच्या शेवटी पौल त्याला निकपलिसास बोलावून घेतो. तीमथ्यालाही दुसऱ्या पत्रात ‘लवकर ये’ असा निरोप आहे. हे दोघे घडी बसवून पुढे जाणारे. मागे उरतात ते वडील, आणि ते एकापेक्षा अधिक: पौल व बर्णबा प्रत्येक मंडळीत वडील नेमतात (कृत्ये १४:२३), मिलेतात इफिसच्या वडिलांना बोलावणे जाते, फिलिप्पैच्या पत्रात अध्यक्ष व सेवक यांना नमस्कार आहे. याकोबाचे वजन मोठे, हे मान्य. तरी कृत्यांच्या १५व्या अध्यायात अखेरचा निर्णय प्रेषित, वडील आणि सगळी मंडळी मिळून घेतात. मंडळी एकट्याच्या मुठीत ठेवू पाहणारा माणूस योहानाच्या तिसऱ्या पत्रात नावानिशी भेटतो: दियत्रफेस. त्याचे तिथे कौतुक झालेले नाही.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नातियस एकाच अध्यक्षाचा हट्ट धरतो, हे खरे. पण रोमच्या मंडळीला लिहिताना तो तिथल्या अध्यक्षाचा उल्लेखही करत नाही. आणि जी पद्धत सगळीकडे रुळलेली असते, तिचा इतका धोशा कोण लावतो?

आपल्याकडे ही सवय आली ती मिशनच्या व्यवस्थेतून. अहमदनगरची पहिली मंडळी १८३३ची. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या इथल्याच ख्रिस्ती माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली १८५४मध्ये. मधली वीस वर्षे पाळकाची खुर्ची मिशनऱ्यांची. गंमत अशी की हे अमेरिकन मिशनरी ज्या परंपरेतले, तिच्यात कारभाराचा अधिकार सभासदांच्या सभेचा. तत्त्व सभेचे राहिले, आपण उचलली ती खुर्ची.

इथे टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’चा दाखला हमखास पुढे येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७मध्ये मिशनची चाकरी सोडून बाहेर पडले, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ त्यांनी मांडला. १९१९मध्ये ते गेले आणि दरबार ओसरला. पाहा, पाळकावाचून काही टिकत नाही! मला यातून नेमके उलटे दिसते. दरबाराचा सगळा भार टिळकांच्या एका खांद्यावर होता. दुसरा खांदा तयार होण्याआधीच तो खांदा गेला.

दीक्षित पाळकावाचून प्रभुभोजन कोण देणार, हा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो श्रद्धेचा आहे. तरी करिंथात भोजनाच्या वेळी बेशिस्त माजली तेव्हा पौलाने जाब विचारला तो सगळ्या मंडळीला. ‘तुमचा पाळक काय करत होता?’ असे विचारले नाही. वडिलांत पैशावरून भांडणे होतात, हेही खरेच. म्हणून तर यरुशलेमेसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौल मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो (२ करिंथ ८). एकाच्याच हाती थैली देणे हा त्याचा उपाय नव्हता.

शेवटचा प्रश्न लग्नाचा, आणि बहुतेक कुटुंबे पाळक शोधतात ती त्यासाठीच. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचे ९वे कलम वाचावे. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचे प्रमाणपत्र देण्याचा परवाना राज्य सरकार कोणाही ख्रिस्ती व्यक्तीला देऊ शकते. त्यासाठी दीक्षेची अट त्या कलमात नाही.