रुग्णकथन आणि प्राथमिक आरोग्यसेवा : महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रामीण आरोग्यसेवेचा इतिहास बहुधा समित्या, योजना आणि आकडेवारी यांच्या आधारे लिहिला जातो. दवाखान्याच्या नोंदवहीत रुग्णाचे वय, लक्षणे व औषध यांची नोंद असते. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी त्याने किती पायपीट केली आणि तेथे त्याला कशी वागणूक मिळाली, याची नोंद नसते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनातील सहभाग हा लोकांचा हक्क व कर्तव्य मानला. तथापि हा सहभाग कोणत्या मार्गाने साधावा, हा प्रश्न उरलाच. महाराष्ट्रात त्याचे एक उत्तर रुग्णांच्या कथनातून कसे घडत गेले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गडचिरोलीचा अभ्यास

१९८० च्या दशकात ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा शासकीय विचार प्रामुख्याने गर्भारपण, बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपुरता मर्यादित होता. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना असे आजार असल्याचे आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. विचारणारे कोणी असल्यास स्त्रिया बोलतात; परंतु दुखणे अंगवळणी पडलेले असल्याने बरेचसे सांगितलेच जात नाही. म्हणून कथन हे तपासणीला पर्याय नसून तिचे प्रवेशद्वार आहे.

जनसुनवाईचा उदय

व्यथा सांगितली तरी तिला उत्तर देण्यास कोणी बांधील नसेल, तर ती विरून जाते. ही उणीव जनसुनवाईने काही अंशी भरून काढली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनने १९९४ पासून रोजगार व विकासकामांच्या हिशेबांसाठी हे साधन वापरले होते. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग व जन स्वास्थ्य अभियान यांनी आरोग्यहक्काविषयी विभागवार सुनवाया घेतल्या. सेवा नाकारली गेलेल्या रुग्णांनी तेथे आपले अनुभव आयोग व आरोग्य अधिकारी यांच्यासमोर मांडले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि २००७ पासून त्याअंतर्गत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया महाराष्ट्रासह नऊ राज्यांत राबविण्यात आली. राज्यात प्रारंभी पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व तत्कालीन उस्मानाबाद हे जिल्हे निवडले गेले. गावातील समितीने सेवांचे प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत भरावे आणि त्यातील उणिवा जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात, अशी ही रचना होती. बाहेरून औषधे आणण्यासाठी दिलेली चिठ्ठी, मोफत सेवेसाठी मागितलेले पैसे, कुलूपबंद उपकेंद्र अशा तक्रारी पुढे आल्या. काही केंद्रांत बाहेरची चिठ्ठी देणे व बेकायदा पैसे घेणे थांबले. रुग्णाने सांभाळून ठेवलेली चिठ्ठी येथे पुरावा ठरली, हे विशेष उल्लेखनीय आहे.

मर्यादा व निष्कर्ष

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ज्याला उद्या त्याच परिचारिकेकडे जायचे आहे, त्याला चारचौघांत बोलणे जड जाते. औषधपुरवठा व रिक्त पदे यांचा निर्णय वरिष्ठ स्तरावर होतो. त्याचा दोष मात्र केंद्रातील कर्मचाऱ्याच्या माथी येतो. एका रुग्णाच्या अनुभवावरून संपूर्ण जिल्ह्याचे अनुमानही काढता येत नाही. त्यामुळे कथनाला पडताळणी, सांगणाऱ्याला संरक्षण आणि ऐकणाऱ्याला निर्णयाचा अधिकार, या तिन्ही अटी आवश्यक ठरतात. आकडेवारी उणीव किती आहे हे सांगते. ती नेमकी कोठे व कशी निर्माण होते, हे रुग्ण सांगतो. या दोहोंची सांगड जेथे घातली गेली, तेथेच सुधारणेला दिशा मिळाली, असे या इतिहासावरून म्हणता येते.