सुरखीपासून नव्या सिमेंटपर्यंत

सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडील वाडे, विहिरी आणि पूल चुन्यात बांधले जात. घाणीत मळलेल्या त्या चुन्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळीत. भाजलेल्या मातीतील सिलिका व अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावून पाण्यातही टिकणारा बंध निर्माण करतात. गवंड्यांना हा गुण अनुभवाने गवसला होता. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि पुढे सिमेंटच्या प्रसाराबरोबर सुरखी मागे पडली.

सिमेंटने बांधकामास बळ व वेग दिला, परंतु त्याचे मोलही मोठे आहे. चुनखडी व माती सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजून क्लिंकर करताना इंधन तर जळतेच, शिवाय खुद्द चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या वायूच्या जागतिक उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

यावर उपाय शोधण्यासाठी स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठाच्या प्रा. कॅरेन स्क्रिव्हेनर, क्यूबातील सांता क्लारा विद्यापीठाचे प्रा. फर्नांदो मार्तिरेना आणि दिल्ली, मुंबई व मद्रास येथील आय.आय.टी. एकत्र आल्या. त्यांच्या ‘एल.सी.३’ सिमेंटात क्लिंकर निम्माच असतो. उरलेल्यात ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी व ५ टक्के जिप्सम. माती सुमारे ८०० अंशांवरच भाजत असल्याने उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते. २०१३ साली क्यूबात त्याचे कारखान्यात प्रायोगिक उत्पादन झाले. २०२३ साली भारतीय मानकही प्रसिद्ध झाले.

ज्या देशात अजून असंख्य घरे उभी राहावयाची आहेत, तेथे बांधकाम थांबविणे शक्य नाही. प्रश्न उरतो तो कशाने बांधावे एवढाच. त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्या जुन्या विहिरींच्या चुन्यात होता. त्यामागील कारण उलगडून त्याला प्रमाण देण्याचे काम विद्यापीठांनी केले.