हक्का नूडल्समधले हक्का

चायनीजच्या गाडीवरचा बोर्ड कधी नीट वाचलाय? लाल रंग, त्यावर एखादा ड्रॅगन आणि खाली पदार्थांची लांबलचक यादी. तीन शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात: शेजवान, मंचुरियन आणि हक्का.

शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारी मिरी, पण आपल्या शेजवान चटणीत ती नसते. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश. मंचुरियन मात्र पक्कं मुंबईकर. कोलकात्यात जन्मलेले शेफ नेल्सन वँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये ते पहिल्यांदा केलं, असं ते स्वतः सांगत आले आहेत. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपलाच मसाला, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर.

हक्का हे मात्र कुठल्या जागेचं नाव नाही, माणसांचं आहे. आणि ही माणसं खरोखर इथे आली, राहिली, त्यांनी कारखाने काढले, मुलं वाढवली. त्यातली बरीचशी पुढे निघून गेली. त्यांचं नाव तेवढं आपल्या प्लेटमध्ये राहिलं.

डोंबिवलीत कॉलेजला असताना महिनाअखेरीला आम्ही चौघं मित्र दोन हाफ प्लेट मागवायचो. कमी पैशात पोट भरायचं, म्हणून आम्ही त्यांना ‘हक्काच्या नूडल्स’ म्हणायचो. हक्का शब्दाचा खरा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला: पाहुण्यांची घरं. उत्तर चीनमधून शतकानुशतकं दक्षिणेकडे सरकत आलेल्या या लोकांना तिथल्या जुन्या रहिवाशांनी दिलेलं हे नाव. ग्वांगडाँग प्रांतातल्या मेइशियन भागात ते मोठ्या संख्येने स्थिरावले, पण नावातला ‘पाहुणा’ काही गेला नाही.

भारतातल्या चिनी वस्तीची गोष्ट अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू होते. कोलकात्याजवळ बजबजला हुगळीच्या काठी, आछू नावाच्या एका चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने साखरेच्या कारखान्यासाठी जमीन दिली. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. चिनी नववर्षानंतर कोलकात्याची चिनी कुटुंबं त्याच्या लाल समाधीला नमस्कार करायला जातात.

नंतर आलेल्यांची कामं गावकीप्रमाणे वाटली गेली. कँटनकडचे लोक सुतारकामात, हुबेई प्रांतातले दात बसवण्यात आणि हक्का लोक चामड्यात. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांची बुटांची दुकानं होती आणि शहराच्या पूर्वेला टँगऱ्याच्या दलदलीत चामडं कमावायचे कारखाने. हे काम त्यांना मोकळं का मिळालं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावणं आपल्या जातिव्यवस्थेने ‘खालचं’ ठरवलं होतं. ज्या कामाला वरच्या जाती शिवत नव्हत्या, त्या कामात परक्या माणसाला जागा झाली.

मुंबईतही एक लहानशी चिनी वस्ती होती. माझगावात नवाब टँक रोडवर १९१९ सालचं चिनी मंदिर आजही आहे. ते प्रामुख्याने जहाजांवर काम करणाऱ्या कँटोनी लोकांचं. बाहेरून एखाद्या जुन्या घरासारखं दिसतं, त्यामुळे समोरून जाणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही.

मग १९६२ उजाडलं. २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. सीमेवरची लढाई महिनाभराची, पण भारतातल्या चिनी कुटुंबांची त्यानंतर खरी सुरू झाली. परकीय नागरिकांविषयीचा कायदा असा वाढवला गेला, की ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणीही एक जण कधीकाळी शत्रुदेशाचा नागरिक होता, त्याला ‘परका’ धरून अटक करता येईल. तुमचा जन्म इथला, भाषा इथली, बायको इथली, यातलं काहीही पुरेसं नव्हतं.

सुमारे ३,००० माणसांना उचलण्यात आलं. कुणावरही खटला चालला नाही. आसामात माकुम नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात चहाच्या मळ्यांसाठी आणलेल्या चिनी कामगारांचे वंशज तिथे राहत होते. त्यांना, दार्जिलिंग-शिलाँगच्या कुटुंबांना, म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना रेल्वेत बसवून जवळजवळ आठवडाभराचा प्रवास करून राजस्थानातल्या देवळीला नेलं. देवळीची ती छावणी इंग्रजांच्या काळातली. जयप्रकाश नारायण आणि आपले श्रीपाद अमृत डांगे यांना इंग्रजांनी तिथेच डांबलं होतं. स्वतंत्र भारताने ती पुन्हा वापरात आणली.

काही जण तिथे महिनोन्‌महिने राहिले, काही चार-पाच वर्षं. शेवटची माणसं १९६७ च्या सुमारास सुटली. दोन हजारांहून अधिक लोकांना जहाजांनी चीनला पाठवलं गेलं. त्यातल्या अनेकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. आसामात मागे राहिलेल्यांच्या मालमत्ता ‘शत्रूची संपत्ती’ म्हणून लिलावात गेल्या. छावणीत न गेलेल्यांचीही सुटका नव्हती. पोलीस ठाण्यात हजेरी लावायची आणि गावाबाहेर जायचं तर परवाना काढायचा. छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांच्यासोबत २०२० साली या कैद्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. तोवर आपल्यापैकी बहुतेकांनी देवळीचं नावही ऐकलं नव्हतं.

आता नूडल्सकडे येऊ. मेइशियनकडे नूडल्स उकडून चरबीत आणि तळलेल्या लसणीत घोळवतात. साधा, फिकट पदार्थ. आपल्या हक्का नूडल्सचा आणि त्यांचा संबंध दूरचा. उकडलेल्या नूडल्सना तेलाचा हात लावून त्या पसरून गार करायच्या, मग कढई धुरावेपर्यंत तापवून कोबी, गाजर, सिमला मिरची, सोया सॉस, व्हिनेगर. ही रीत भारतात, भारतीय जिभांसाठी घडली. टँगऱ्यात कारखान्यांच्या शेजारीच खाणावळी होत्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून कोलकात्याचे चामड्याचे कारखाने शहराबाहेर बानतल्याला हलवायचा आदेश दिला आणि अनेक कुटुंबांसमोर दोनच वाटा उरल्या: परदेश किंवा हॉटेल.

मी टँगऱ्याला गेलो तेव्हा संध्याकाळ होती. कारखान्यांच्या उंच भिंतींमधली अरुंद गल्ली, मोठं लोखंडी फाटक आणि आत एसी लावलेलं हॉटेल. गल्ल्यावर सत्तरीच्या मालकीणबाई होत्या. मेन्यूकार्डावर बोट ठेवून मी विचारलं, यांना हक्का का म्हणतात? त्या हसल्या. “हम लोग हक्का हैं, बेटा. नूडल्स तो नूडल्स है.” घरी खातात का, असंही विचारलं. म्हणाल्या, गिऱ्हाईक येतं तेव्हा करतो. घरी डुकराचं मांस आणि खारवलेली मोहरीची भाजी. मुलं कुठे असतात, तर तिघंही टोरांटोला. १९६२ बद्दल मी विचारलं तेव्हा त्यांनी मागच्या टेबलाचं बिल काढायला घेतलं.

टोरांटोमध्ये आज ‘हक्का’ असा बोर्ड असलेली कितीतरी हॉटेलं आहेत आणि तिथे मिळतं ते आपलंच चिली चिकन, आपलंच मंचुरियन. इथून गेलेल्यांनी तिकडे नेलेलं जेवण, भारतीयांच्या आठवणीतल्या चवीचं. इथे ज्यांना चिनी म्हणून बंद केलं, त्यांच्यातल्या कितीतरी घरांनी परदेशात पोट भरलं ते भारतीय चव विकून.

देवळीतून सुटलेल्या काही जणांनी कॅनडात संघटना स्थापन केली. त्यांची मागणी साधी आहे: भारत सरकारने चूक झाली असं म्हणावं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना असंच छावण्यांत डांबलं होतं. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. आपल्याकडून अजून एक ओळही आलेली नाही. छावणीत लहान मूल म्हणून गेलेली माणसंही आता साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. ती ओळ ऐकायला त्यांच्यातलं कुणी असावं असं वाटत असेल, तर फार वेळ उरलेला नाही.