शुगर नॉर्मल, तरी सारखी लघवी? गोळी आणि नाकातल्या स्प्रेचा फरक समजून घ्या

दिवसरात्र सारखी लघवी, कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागत नाही, अन् शुगर तपासली तर नॉर्मल. हा ‘सेंट्रल डायबेटिस इन्सिपिडस’ असू शकतो. नावात डायबेटिस असलं तरी हा साखरेचा आजार नाही. यात मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन हार्मोन कमी पडतं, म्हणून किडनी पाणी धरून ठेवत नाही.

यावर डेस्मोप्रेसिन हे औषध देतात. नाकातल्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारण १० मायक्रोग्रॅम औषध असतं, तर गोळी १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमची असते. कारण गोळीतलं औषध पोटातून रक्तात फारच थोडं जातं. त्यामुळे स्प्रे संपला म्हणून अंदाजाने गोळी सुरू करू नये. डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

सर्दीने नाक चोंदलं की स्प्रे नीट लागू पडत नाही. गोळीचा असर जेवणासोबत घेतल्यास कमी होतो, म्हणून रोजची वेळ एकच ठेवावी.

डोस जास्त झाला किंवा औषध घेऊन तहान नसताना पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलटी, भ्रम, झटके दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. मात्र लघवी कमी व्हावी म्हणून तहान मारू नये, ते जिवावर बेतू शकतं.