शिक्का एकाचा, टेबल दुसऱ्याचं

दर वर्षी निकालांचे दिवस आले की घरोघरी एकच चर्चा. सायन्सला कुठे घ्यायचं? पुणे की मुंबई, साधं बी.एस्सी. की थेट आयसर? काका, मामा, सोसायटीतले निवृत्त प्रोफेसर, प्रत्येकाकडे मत तयार असतं आणि सगळ्यांच्या मताचा गाभा एकच: नाव बघ! डिग्रीवर नाव कुणाचं येणार, ते बघ.

हे नावाचं प्रकरण वाटतं तितकं सरळ कधीच नव्हतं. म्हणून आज कमला भागवत यांची गोष्ट.

आडनाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई आपल्याला आणीबाणी आणि कऱ्हाडचं साहित्य संमेलन यांमुळे माहीत असतात. कमलाबाई बऱ्याच जणांना माहीतच नसतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, गुणवत्ता यादीत अव्वल. पुढे काय, हा प्रश्न तेव्हा आजच्यापेक्षा सोपा होता, कारण पर्यायच मोजके. मुंबईत यूडीसीटी (आजची माटुंग्याची आयसीटी) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायची होती. कलकत्ता लांब. आणि बंगलोरला टाटांची संस्था, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही केमिस्ट, दोघेही या संस्थेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. म्हणजे घरात इंजिनिअर असला की पोरगं इंजिनिअरिंगला जातं, तसंच हे! अर्ज करायचा आणि जायचं, यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

अर्ज केला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० चं नोबेल मिळालेलं आणि १९३३ मध्येच संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून आलेले. नकाराचं कारण मार्क नव्हते, जागांचा तुटवडाही नव्हता. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. खुद्द रामन विद्यापीठाच्या वाटेने वर आलेले नव्हते. मद्रासला एम.ए. केलं, सरकारच्या अर्थखात्यात नोकरी धरली आणि कलकत्त्याला ऑफिस सुटल्यावर (आणि भरण्याआधी!) इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत जाऊन संशोधन केलं. पीएच.डी. त्यांनी कधी केलीच नाही. दारावर जाऊन उभं राहायचं आणि काम करायची परवानगी मागायची, हे त्या माणसाने स्वतः केलेलं होतं. पण आपल्या दारावर कुणी येऊन उभं राहिलं की माणूस वेगळा वागतो.

कमला बंगलोरला गेली आणि तिने सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. काळच तो होता. शेवटी रामन कबूल झाले, पण अटी घालून. नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश नाही, एक वर्ष आमच्या भाषेत प्रोबेशन. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, वेळ पडली तर रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं 'वातावरण' बिघडवायचं नाही. ही तिसरी अट वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. उतारवयात सत्कार झाला तेव्हा त्यांनी तो जाहीरपणे बोलूनही दाखवला. रामन मोठे शास्त्रज्ञ खरेच, पण मनाने कोते, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मिळाले, ते चांगले निघाले. दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम झालं. ज्या देशात गरिबाचं प्रथिन म्हणजे आमटीच, तिथे हा विषय निवडायला अक्कल लागते. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं, कमला रीतसर विद्यार्थिनी झाली आणि पुढच्या मुलींसाठीही दार किलकिलं झालं.

आता गंमत बघा. एवढं भांडून जिथे प्रवेश मिळवला, त्या संस्थेला पदवी देता येतच नव्हती! आयआयएस्सीला विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९५८ मध्ये. तोवर ती स्वतःची असोशिएटशिप वगैरे द्यायची, एम.एस्सी., पीएच.डी. हवी असेल तर प्रबंध दुसऱ्या विद्यापीठाकडे धाडायचा. कमलाची १९३६ ची एम.एस्सी. त्यामुळे मुंबई विद्यापीठाची आहे. काम बंगलोरचं, शिक्का मुंबईचा.

कमलाच्या बाबतीत हे निभावलं. अ‍ॅना मणींच्या बाबतीत नाही. त्या मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.एस्सी. ऑनर्स होऊन १९४० मध्ये खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केलं, स्वतःच्या एकटीच्या नावाने पाच निबंध छापले, १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे दिला. विद्यापीठ म्हणालं, तुमच्याकडे एम.एस्सी. नाही, सबब पीएच.डी. नाही. संपलं. पुढे त्या लंडनला गेल्या, हवामानशास्त्राच्या उपकरणांकडे वळल्या आणि हवामान खात्यात उपमहासंचालक झाल्या, पण ती पीएच.डी. काही मिळाली नाही. टेबल भारतातलं सर्वोत्तम, आणि शिक्का देणाऱ्याने फॉर्ममधला एक रकाना रिकामा आहे म्हणून फाईल परत केली.

असो. कमला शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला पोचली. ओढ होती ती फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागाची. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळवणारे हेच ते. त्यांची आणखी एक ख्याती म्हणजे त्या काळात त्यांच्या विभागात बायका मोठ्या संख्येने संशोधन करत होत्या. विभागात जागा मात्र शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल देऊ केलं: दिवसा तू वापर, मी रात्री काम करीन. ही खरी अ‍ॅडमिशन! पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम झालं. प्रकाशसंश्लेषणातली 'हिल अभिक्रिया' अकरावीत पाठ केली असेल, तेच हिल. बटाट्यावर काम करता करता कमलाने वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारं हे प्रथिन. चौदा महिन्यांत काम आटोपलं, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ मध्ये पीएच.डी.

त्या पदवीचीही एक भानगड आहे. केंब्रिज तेव्हा बायकांना पूर्ण पदवी देतच नव्हतं. १९२१ मध्ये मतदान झालं, पूर्ण सदस्यत्वाचा प्रस्ताव पडला आणि विजयाच्या भरात पुरुष विद्यार्थ्यांनी न्यूनम या मुलींच्या कॉलेजचं फाटक हातगाडी आदळून मोडलं. मग तोडगा निघाला तो नावापुरत्या पदवीचा. म्हणजे उपाधी लावा, पण विद्यापीठाच्या सदस्य नाही, मत नाही. १९४८ पर्यंत हेच चाललं. ज्या मुंबई विद्यापीठाला आपण उठताबसता नावं ठेवतो, त्याने मुलींना परीक्षेचं दार १८८३ मध्ये उघडलं होतं. केंब्रिजच्या पूर्ण पदवीआधी पासष्ट वर्षं!

म्हणजे 'नाव बघ' म्हणणाऱ्या मामाने १९३३ साली काय सल्ला दिला असता? बंगलोरला पदवी नाही, केंब्रिजला अर्धीच, आणि पूर्ण पदवी देणाऱ्या मुंबईत हव्या त्या विषयाचं टेबल नाही. कमलाबाईंनी दोन्ही वेळा टेबल निवडलं, आणि माझ्या मते दोन्ही वेळा बरोबर निवडलं. अर्थात अ‍ॅना मणींचा प्रबंध समोर ठेवून हे मी तितक्या जोरात म्हणणार नाही.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबई. तिथे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवलं, नीरेच्या पोषणमूल्यांवर मोठं काम केलं आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालकही झाल्या. फोर्टातली ती देखणी दगडी इमारत अजून आहे. २०१९ पासून ती संस्था होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली आहे. इमारत तीच, प्रयोगशाळा त्याच, पण आता तिथे प्रवेश घेणाऱ्या मुलींच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का नसतो.