इंटरनेटबंदी (भारत)

एखाद्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील इंटरनेट सेवा सरकारी आदेशाने ठरावीक काळ बंद ठेवण्याच्या कारवाईला इंटरनेटबंदी म्हणतात. भारतात ती दंगल, आंदोलन, इतकेच नव्हे तर परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठीही होते. राजस्थानात २०२१ च्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी ती अनेक जिल्ह्यांत झाली. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडलेले फोरजी थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये परतले. मणिपुरात मे २०२३ नंतर बंदी महिनोन्महिने लांबली. असा आदेश देण्याचा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवांना २०१७ च्या नियमांनी दिला. २०२० च्या दुरुस्तीने एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा घातली.

नियम आहेत, तरी या कारवाईचा हिशेब कुणाकडेच नाही, हा या धोरणातला मूळ दोष होय. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात दाखवून दिले, की दूरसंचार विभाग आणि गृह मंत्रालय या दोघांकडेही बंदीच्या घटनांची नोंद नव्हती. नोंदच नसेल, तर बंदीमुळे हिंसा आटोक्यात आली हा दावा तपासायचा कसा? नुकसान मात्र डोळ्यांसमोर असते. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लागत नाही आणि धान्य तसेच राहते. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी ॲपवर चढत नाही. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड निकामी होतो. अनेकदा केवळ मोबाइल डेटा तोडला जातो आणि ब्रॉडबँड चालू राहते, म्हणजे मोबाइलखेरीज दुसरे साधन नसलेल्यांवरच सगळा भार पडतो.

अफवा माणसे मारतात, हा बंदीच्या बाजूचा आक्षेप खराच आहे, आणि महाराष्ट्राला तर तो टाळताच येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन जाहीर केले. सगळे जाळे न तोडता अफवेचा वेग कमी करण्याचे मार्ग आहेत, हे त्यातून दिसले. शिवाय नेट बंद झाले म्हणजे अफवा थांबते असे नाही. ती खोडून काढणारा पोलिसांचा खुलासाही लोकांपर्यंत पोहोचत नाही. आणीबाणीच्या क्षणी अधिकाऱ्याला पुराव्याची वाट पाहता येत नाही, हे मान्य. मात्र त्याने दिलेले कारण नंतर तपासले जाऊ नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

काश्मीरमधील बंदीला आव्हान देणाऱ्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी अमान्य ठरवली आणि आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांत प्रसिद्धीची अट आली, पण आदेशांची फेरतपासणी करणाऱ्या समितीत अजूनही सरकारी सचिवच बसतात. निवृत्त न्यायाधीशांसारखे बाहेरचे सदस्य घ्यावेत, ही स्थायी समितीची शिफारस त्यात उतरलेली नाही.